बसले की गप्प होणारे मामा

आमच्या घरात सकाळी आधी मामांचा आवाज उठतो आणि मागाहून मामा उठतात. पांघरूण अजून डोक्यावर असतं, पण आतून बोलणं सुरू झालेलं असतं. रात्री वरच्या मजल्यावरच्यांनी पलंग कसा सरकवला, स्वप्नात कोण आलं आणि आल्यावर कसं वागलं, सगळं. मग ते स्वयंपाकघरात येतात, चहाचा कप घेतात आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फ्रिजपर्यंत फेऱ्या घालत बोलत राहतात. मी दुधाकडे बघत "हं" म्हणते. आमचे हे मोज्याचा जोडीदार शोधत "हो का" म्हणतात. लेक मोबाइलमध्ये मान घालून काहीच म्हणत नाही. मामांची कशालाच हरकत नसते. खाली भांडं ठेवा न ठेवा, धार चालूच.

मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. लग्न केलं नाही, बहिणीकडे राहायला आले, पुढे माझ्या सासूबाई गेल्या आणि मामा आमचेच झाले. उंच, ताठ, केस पांढरे पण दाट, नाकाच्या मध्यावर लहानसा उंचवटा. ह्या नाकाचा त्यांना भारी अभिमान. खुर्चीत मात्र कधी बसत नाहीत. जेवतानाही ताट हातात घेऊन घरभर फिरतात. पाहुण्यांनी "अहो बसा ना" म्हटलं की सांगतात, "जन्मभर बसून खाल्लं. आता जरा उभ्याने खाऊ द्या."

आणि हे शब्दशः खरं आहे. मामा इथल्या चित्रशाळेत मॉडेल होते. पोरांना माणूस काढायला शिकवायचं तर समोर एक माणूस बसवावा लागतो, जो हलत नाही, खाजवत नाही आणि मध्येच "झालं का" असं विचारत नाही. तो माणूस म्हणजे मामा. नोकरी लागली तीही बसल्या बसल्याच. तरुणपणी एका मित्राला तिथे प्रवेश हवा होता, सोबत म्हणून मामा गेले. मित्र ऑफिसात गेला, मामा बाहेर एका स्टुलावर टेकले. मित्र परत येईपर्यंत समोर निम्मा वर्ग जमला होता आणि मन लावून मामांना काढत होता. आता उठलो तर मुलांचं नुकसान होईल, अशा भिडेने मामा बसूनच राहिले. मित्राला प्रवेश मिळाला नाही. मामांना नोकरी मिळाली. मित्र पुढे बरेच दिवस बोलत नव्हता.

नातेवाइकांत "मामा कॉलेजात असतात" एवढंच सांगायची पद्धत होती. त्यावर कोणी विचारलंच, "हो का, काय शिकवतात?" तर सासूबाई सांगायच्या, "बसतात." पुढचा माणूस समजूतदारपणे मान हलवायचा. कॉलेजातली मंडळी बसतात, हे त्यालाही ठाऊक असायचं.

तर त्या सकाळी दूध वर येत होतं, एक मोजा सापडला होता, मामा फ्रिजपाशी पोहोचले होते आणि दार वाजलं. चांगली बेल असताना दार वाजवणारा माणूस एक तर घाईत असतो नाहीतर बुजलेला. दारात दोघं होती. खांद्याला मोठी पिशवी लावलेल्या एक बाई, बोटांच्या पेरांना निळा रंग. आणि त्यांच्यामागे पोटापर्यंत दाढी वाढवलेले एक वयस्कर गृहस्थ. दाढीवाल्यांनी एकदम विचारलं, "पुतळा इथेच राहतो का?"

मी म्हटलं, "कोण?"

"सर, असं काय विचारता," बाई गडबडून म्हणाल्या. "माफ करा हं. आम्ही चित्रशाळेतून आलोय. तिथे एक मॉडेल होते, सगळे त्यांना पुतळा म्हणायचे. त्यांचं घर इथेच होतं असं कळलं."

"होतं म्हणजे?" माझ्या मागून कप घेऊन मामा आले. "अजून आहे."

दाढीवाले दचकले. "अरे, तुम्ही आहात?"

"का, नसायला हवा होतो?"

मागे दूध उतू गेलं. मी त्यांना आत घेतलं आणि गॅस बंद करायला पळाले, त्यामुळे पुढचं निम्मं मी फडक्याने ओटा पुसता पुसता ऐकलं. चित्रशाळेची जुनी इमारत बंद होणार होती. एका मोठ्या कॉलेजात तिचा एक विभाग करायचा ठरलं होतं, गावाबाहेर, लिफ्ट वगैरे असलेल्या इमारतीत. त्याआधी जुन्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमवून ठेवायच्या, असं ह्या बाईंनी मनावर घेतलं होतं. बाई स्वतः तिथेच शिकलेल्या आणि आता तिथेच शिकवणाऱ्या. दाढीवाले त्यांचे सर, निवृत्त झालेले, पण तेही एके काळी तिथलेच विद्यार्थी. दोघं मिळून घरोघर फिरत होती.

"गंमत अशी की," बाई म्हणाल्या, "आम्ही विचारतो इमारतीबद्दल, शिक्षकांबद्दल. लोक दोन वाक्यं त्याबद्दल बोलतात आणि गाडी पुतळ्यावर येते. म्हणजे तुमच्यावर. शेवटी वाटलं, थेट तुम्हालाच का विचारू नये."

मामांची मान आपोआप अर्धा इंच वर गेली. "काय म्हणतात माझ्याबद्दल?"

बाईंनी रेकॉर्डर काढून लावला. एक घोगरा आवाज म्हणाला, "अत्यंत अबोल माणूस." दुसरा म्हणाला, "ऋषीच म्हणा ना. एक शब्द न बोलता शिकवून गेले." मग एक बाई म्हणाल्या, "मला वाटतं त्यांना ऐकूही येत नसावं." त्यानंतरचा आवाज फार हळवा होता. "मुके होते बिचारे. पण डोळ्यांत काय करुणा." आणि शेवटचा कोणीतरी म्हणाला, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

बाईंनी घाईघाईने बटण दाबलं.

"मी?" मामा म्हणाले. "अबोल?"

आतल्या खोलीतून हे एक मोजा घालून बाहेर आले, भिंतीला टेकले आणि हसत हसत खाली बसले. लेकीने मोबाइलमधून मान वर काढली. तेवढंच माझं वर्षभराचं काम झालं.

पण मामा हसत नव्हते. "ह्यांनी मला कधी बोलू दिलं का? ओठ जरा हलला की वर्गभर ओरडा, हलू नका, हलू नका. मी सगळं ऐकत होतो. कोण कोणाशी भांडला, कोण कोणाच्या रंगाच्या नळ्या चोरत होता, कोणाला काय येत नव्हतं, सगळं. म्हटलं, एक दिवस सांगू. आणि हे लोक मला मुका करून मोकळे. वर मारूनही टाकलं." कप ठेवून त्यांनी खिडकीपर्यंत एक फेरी मारली. "हे असंच राहिलं तर पुढे लोक म्हणतील, एक मुका होता, गेला. बाई, लावा तुमचं यंत्र."

बाईंना हेच हवं होतं. येत्या शनिवारपर्यंत सगळे आवाज जोडून व्हायला हवे होते, कारण शाळेच्या शेवटच्या दिवशी मोठ्या दालनात ते सगळ्यांना ऐकवायचे होते. मामांचा आवाज त्यात आला, तर त्याहून मोठी गोष्ट काय.

दिवाणखान्यात तयारी झाली. बाईंनी लेकीच्या अभ्यासाचा टेबललँप मागून घेतला, कारण सोबत एक फोटोही हवा होता. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, दिवा लावला आणि प्रेमाने म्हणाल्या, "बसा. अगदी आरामात."

मामा बसले. उजवा हात गुडघ्यावर, डावा खुर्चीच्या दांड्यावर, हनुवटी किंचित वर, नजर कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात.

"तर सांगा," बाई म्हणाल्या, "शाळेतला तुमचा पहिला दिवस कसा होता?"

मामा काही बोलले नाहीत.

"काहीही चालेल. जे आठवेल ते."

काही नाही. पापणी लवली, तीही अशी की जणू परवानगी काढून. आमच्या घरात मामा इतका वेळ गप्प, म्हणजे डॉक्टरांनाच बोलवायला हवं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तोंड वाकडं झालंय का बघा." लेक म्हणाली, "मामाआजोबा हँग झाले."

"काही झालेलं नाही," दाढीवाले अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे चकाकत होते. "पोझ आहे. तीन-चतुर्थांश चेहरा, डावीकडून उजेड. आता घंटा होईपर्यंत काही व्हायचं नाही." आणि बोलता बोलता त्यांचा हात खिशात गेला.

आता हे चित्रकार लोक कसे असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. तुमच्याआमच्या समोर कोणी असा थिजला तर आपण त्याला हलवू, पाणी देऊ. ह्यांनी पेन्सिली काढल्या. दाढीवाल्यांनी छोटी वही काढली. बाईंनी थोडा वेळ स्वतःला आवरलं, "सर, आपण मुलाखतीला आलोय," असंही म्हणाल्या, पण "मुलाखतीला" म्हणताना त्यांनी प्रश्नांचा कागद उलटा करून मांडीवर घेतला होता. मग खोलीत नुसती खरखर. मध्ये एकदा दाढीवाले कुजबुजले, "जरा उजवीकडे सरक, मला कान दिसत नाही." बाई म्हणाल्या, "सर, कान माझ्याकडे आलाय, तुम्ही नाक घ्या." त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मी चहा आणला तो तसाच निवला आणि कोणी प्यायलंही नाही.

किती वेळ गेला देव जाणे. शेवटी कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी बेल दाबली. आमची बेल जुनी आहे, टर्र करून वाजते.

"विश्रांती," मामा म्हणाले आणि उठले.

आणि उठल्याबरोबर सुटले. "पहिला दिवस ना? सांगतो. पहिल्या दिवशी मला कोणी सांगितलंच नाही की मध्ये सुट्टी असते. मी आपला बसलेला. घंटा झाली, पोरं गेली, झाडूवाला आला, त्याने माझ्याभोवतीने झाडून घेतलं, दिवे मालवले..." असं करत ते स्वयंपाकघरात जाऊन परत आले, गॅलरीत जाऊन परत आले. ह्यांनी ऑफिसला उशीर होत असूनही उभं राहून ऐकलं. पाहुणे मात्र मान खाली घालून कागदावर सावल्या भरत होते. बाई "हं, हं" करत होत्या. दाढीवाले एकदा म्हणाले, "एक मिनिट बसता का? कान राहिलाय."

मामांचं सगळं सांगून झालं. मग बाईंनी समाधानाने पेन्सिल खाली ठेवली, रेकॉर्डर उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, हा बंद कसा?"

"मी केला," दाढीवाले निरागसपणे म्हणाले. "त्याचा तो लाल दिवा, हनुवटीखाली तांबूस झाक मारत होता. आणि तसंही ते बोलत कुठे होते?"

"नंतर बोलत होते."

"नंतर मी कान करत होतो."

मामांनी दोन्ही चित्रं हातात घेऊन दूर धरून पाहिली. "छान आलंय," ते म्हणाले. "नाक जरा लहान झालंय." आणि आत निघून गेले. बाई बिचाऱ्या फार ओशाळल्या. शनिवारी पुन्हा येते, म्हणाल्या, आणि आवाज जमवायचा तो शेवटचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा आवाज उठला नाही. नुसतेच मामा उठले. चहा घेऊन खिडकीशी उभे राहिले. घरात इतकं शांत वाटलं की दूध तापतानाचा आवाज ऐकू येत होता आणि ह्यांना दोन्ही मोजे पहिल्या झटक्यात सापडले. तरी कोणाला बरं वाटलं नाही.

"मामा, काही होतंय का?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही रे. त्यांना माझं बोलणं नकोच होतं. तोंडच हवं होतं."

हे मला लागलं. मी म्हटलं, शनिवारच्या आत मामांना बोलतं करायचं. घरात हे बोलणं थांबावं म्हणून आम्ही आजवर काय काय केलं होतं, आणि आता ते सुरू व्हावं म्हणून सगळं घर कामाला लागलं.

लेकीने मोबाइल समोर धरून मुलाखत घ्यायचा प्रयत्न केला. हनुवटी वर, नजर कपाटावर. खुर्चीच नको म्हणून त्यांना उभं केलं, तर उभ्याची पोझ निघाली, एक हात कमरेवर, एक पाय पुढे, कुठलातरी सेनापती जिंकून आल्यासारखा. सोफ्यावर आडवं केलं तर आडव्याचीही होती, आणि ती बघून लेक म्हणाली, "आई, हे मी बघायला नको होतं." ह्यांनी सुचवलं, डोळे मिटून बोला. मामांनी डोळे मिटले आणि झोपले. मग ह्यांनी मोबाइल न्हाणीघराच्या दाराला टेकवून ठेवला, कारण अंघोळ करताना मामा बोलतात. बोललेही असतील. आम्हाला सबंध बादली भरल्याचा आवाज मिळाला आणि शेवटी "साबण संपलाय".

मामाही मनापासून प्रयत्न करत होते. "सूनबाई, मला बोलायचं असतं गं," ते म्हणायचे. "शब्द इथवर येतात. मग वाटतं, हललो तर कोणाचं तरी चित्र बिघडेल."

शुक्रवारी मी ओट्याशी भाजी चिरत होते, पाठ मामांकडे. आणि मागून अचानक सुरू झालं. "आमच्याकडे दोन सर होते, एकमेकांशी बोलायचे नाहीत..." मी इतकी आनंदले की गर्रकन वळले आणि त्यांच्याकडे बघितलं. मामा होते तिथे थांबले. एक पाय उचललेला, कप ओठांजवळ, हनुवटी वर. मी परत भाजीकडे वळले. "...पण वर्ग एकच," मागून पुढचा शब्द आला. मी पुन्हा बघितलं. बंद. वळले. चालू. हा खेळ मी तीन-चार वेळा केला, मग मला त्यांची दया आली.

खुर्चीचा दोष नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. कोणी टक लावून बघितलं की मामा थांबतात, इतकंच. आमच्या घरात ते एवढं बोलतात ते का, हेही मला तेव्हाच कळलं. बोलताना त्यांच्याकडे बघतो कोण? मी दुधाकडे, हे मोज्यांकडे, लेक मोबाइलकडे. चित्रशाळेत सगळे बघायचे, ऐकायचं कोणी नाही. आमच्याकडे अर्धंमुर्धं ऐकायचे सगळे, बघायचं कोणी नाही. दोन्हीकडे मिळून त्यांचा एक संसार झाला म्हणायचा.

शनिवारी बाई आणि दाढीवाले आले तेव्हा मी दोघांच्या पुढ्यात एकेक परात ठेवली आणि मटाराची भली मोठी पिशवी मध्ये ओतली.

"हे काय?" दाढीवाले म्हणाले.

"सोलायचे."

"आम्ही मुलाखतीला आलोय."

"मागच्या वेळीही मुलाखतीलाच आला होतात," मी म्हटलं. "पेन्सिली आधी इकडे द्या."

बाईंना मुद्दा लगेच कळला. त्यांनी आपली पेन्सिल दिली, केसांत खोचलेली दुसरीही दिली. दाढीवाल्यांनी एक दिली. मी हात तसाच पुढे ठेवला. त्यांनी आणखी दोन दिल्या आणि दाढीत हात घालून कोळशाचा एक तुकडा काढला. तिथे तो कायम असतो, म्हणाले. रेकॉर्डर मी फडताळात मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला, लाल दिवा भिंतीकडे. मामांना सगळं आधी सांगून ठेवलं होतं. आणि पाहुण्यांना एकच ताकीद दिली. काही झालं तरी मान वर करायची नाही, शेंगांकडे बघायचं.

पहिला थोडा वेळ नुसत्या शेंगा फुटत होत्या. मामा फ्रिजपर्यंत गेले, परत आले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, ते दोन सर एकमेकांशी का बोलत नव्हते?"

"अगं, उजेडावरून," मामा म्हणाले, आणि धार लागली.

दोन सरांपैकी एकाचं म्हणणं, मॉडेलवर उजेड डावीकडूनच हवा. दुसऱ्याचं म्हणणं, उजवीकडून. पहिले सर येऊन मामांची खुर्ची फिरवायचे आणि जायचे. दुसरे येऊन परत फिरवायचे. बोलायचं नाही म्हणून निरोप मामांच्या कानात सांगायचे, "त्याला सांगा, अशा माणसाला गाढव म्हणतात." मामा तर हलायचेही नाहीत, सांगणार कसे? म्हणजे त्या दोघांची सगळी भांडणं मामांच्या पोटात साठली. निवृत्तीच्या समारंभात दोघं शेजारी बसले होते, तेव्हा मामांना वाटलं होतं, आता एकदम सगळी पोहोचवावीत. पण मामांनाही बसायला खुर्ची दिली गेली.

बाई ओठ चावून मटार सोलत होत्या. खांदे मात्र हलत होते.

मग नाकाची गोष्ट आली. दर वर्षी नवीन मुलं यायची, नाकावरचा उंचवटा काढायची आणि तो आपलीच चूक समजून खोडायची. सर येऊन ओरडायचे, समोर बघ. मुलं पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. "वर्षानुवर्षं पोरांनी माझं नाक खोडलंय," मामा म्हणाले. "भिंतीलगत रबराचा चुरा पडायचा, तो बहुतेक माझाच." एक सर काठीने खांद्याचे स्नायू दाखवायचे, आणि मामांना तिथेच गुदगुल्या व्हायच्या. त्या त्यांनी घंटेपर्यंत सांभाळून ठेवायच्या आणि मग जिन्याखाली जाऊन एकट्यानेच हसून घ्यायचं. जिन्याखाली भूत आहे अशी अफवा त्यामुळेच उठली होती.

"ते तुम्ही होतात?" बाई शेंगांकडेच बघत म्हणाल्या. "आमच्या वेळेपर्यंत कोणी त्या जिन्याने एकटं जात नव्हतं."

"आणि ह्यांचं ते बक्षिसाचं चित्र," मामा खिडकीकडे वळत म्हणाले.

दाढीवाल्यांच्या हातातली शेंग थांबली. त्यांना विद्यार्थी असताना मोठं बक्षीस मिळालं होतं, मामांच्याच चित्राला. 'चिंतन' असं नाव होतं त्याचं. आपल्या आठवणी सांगताना ह्या चित्राबद्दल ते बराच वेळ बोलले होते, त्या चेहऱ्यावर एका पिढीची वेदना कशी उतरली वगैरे, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

"त्या दिवशी मी घाईत निघालो होतो," मामा म्हणाले. "आणि बसल्यावर आठवलं की घराला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. सबंध आठवडाभर ह्यांनी मला काढलं, आणि सबंध आठवडाभर रोज खुर्चीत बसलो की तेच डोक्यात यायचं. आज लावलं का?"

दाढीवाल्यांनी ती शेंग परातीत ठेवली. मला वाटलं, दुखावले बहुतेक. मग दाढीच्या आतून एक विचित्र आवाज आला आणि ते इतके हसले की परात कलंडली, मटार घरभर. "कुलूप," ते डोळे पुसत म्हणाले. "मी त्यावर दोन व्याख्यानं दिली आहेत."

"लावलेलं होतं पण," मामा म्हणाले.

आम्ही सगळे खाली वाकून मटार गोळा करत होतो आणि मामा आमच्यामधून वाट काढत बोलत होते. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मध्ये एकदाच घोटाळा झाला. मामा खिडकीत थांबले, बाहेरचा उजेड केसांवर पडला आणि ते एका मुलीबद्दल सांगत होते, जी रोज त्यांच्याकडे बघून रडायची. आणि वाक्याच्या मधोमध त्यांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर दाढीवाले मान वर करून बसले होते, डोळे बारीक झाले होते आणि अंगठ्याचं नख शेंगेच्या सालीवर रेघा मारत होतं.

"सर," मी म्हटलं. "मटार."

त्यांनी मान खाली घातली. त्या सालीवर बघा, नाक बरोबर आलं होतं.

"तर ती मुलगी," मामा पुढे सांगू लागले, "माझ्यामुळे नाही रडायची. तिच्या शेजारचा मुलगा कांदा खाऊन यायचा."

संध्याकाळ व्हायला आली. परात भरली, पिशवी रिकामी झाली. लेक केव्हाची दाराशी उभी होती, तिचा मोबाइल तिच्या मागच्या खिशात होता. बाईंनी खालीच बघत हळूच विचारलं, "मामा, शेवटच्या दिवशी हे मोठ्या दालनात ऐकवायचंय. जुने विद्यार्थी सगळे येणार. तुमचा आवाज त्यातल्या कोणीच कधी ऐकलेला नाही."

"ऐकला की लगेच चेहरा समोर येईल," दाढीवाले म्हणाले. "मला तर आत्ताच येतोय, न बघता. सगळ्यांचे हात शिवशिवणार बघा."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मामा, त्यांच्यासाठी शेवटी काही सांगायचंय?"

मामा फ्रिजपाशी थांबले. आमच्यापैकी कोणीही वर बघितलं नाही. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "एकच. मी बोलतोय तोवर कोणी पेन्सिल हातात घेऊ नका. नुसतं ऐका."